एम.एससी. फिजिक्सनंतर रेडिएशन थेरपीसाठीचं मेडिकल इमेजिंग शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ते असं: एम.एससी. फिजिक्सचं शेवटचं वर्ष चालू आहे, पायथॉन बऱ्यापैकी येतं, कॅन्सरच्या रेडिएशन उपचारात सीटी, एमआरआय, पेट (पीईटी) हे स्कॅन कसे वापरतात ते खोलात शिकायचंय, आणि इमेजिंगमधला एआयचा ऑनलाइन कोर्स करावा की मेडिकल फिजिक्सला जावं हे ठरत नाहीये. मी रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे, त्यामुळे माझं मत कुठे झुकणार हे उघड आहे. तरी कारणं वाचा आणि मग ठरवा.

आधी रुक्ष भाग उरकतो. भारतात रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट व्हायची पात्रता एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषद, ठरवते. बी.एससी.ला फिजिक्स मुख्य विषयांत हवा, मग फिजिक्समधलं पदव्युत्तर शिक्षण, त्यावर रेडिऑलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्सचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि शेवटी सुसज्ज रेडिएशन विभागात वर्षभराची इंटर्नशिप. यातला जुना आणि नावाजलेला अभ्यासक्रम मुंबईत बीएआरसीचा, १९६२ पासून चालू असलेला डिप्लोमा इन रेडिऑलॉजिकल फिजिक्स. दुसरीकडे कुठे प्रवेश घेणार असाल तर जाहिरात कितीही चकचकीत असो, अभ्यासक्रम एईआरबीला मान्य आहे ना आणि इंटर्नशिपची सोय कोण करणार, हे आधी विचारून घ्या. कोर्स संपवून इंटर्नशिपसाठी वणवण करणारी मुलं मी पाहिली आहेत. एआयच्या प्रमाणपत्रावर मात्र प्लॅनिंग रूमचं दार उघडत नाही.

आता मुद्द्याचं. रेडिएशनसाठी इमेजिंग शिकायचं म्हणजे थोडीफार रेडिऑलॉजी शिकायची, असा अनेकांचा समज असतो. रेडिऑलॉजिस्टला मुख्यतः हे काय आहे ते सांगायचं असतं. आम्हाला त्याची कड मिलिमीटरमध्ये कुठे आहे, रोज उपचाराच्या टेबलावर ती तिथेच असेल का, आणि वाटेत किरण किती शोषले जातील, हे हवं असतं. म्हणून निदानाला उत्तम ठरलेला एमआरआय आमच्याकडे बिनकामाचा ठरू शकतो. ५ मिलिमीटर जाडीच्या स्लाइस आणि मध्ये फटी असल्या तरी मेंदूत गाठ आहे हे कळतं. पण त्याच छोट्या गाठीला एका बैठकीत मोठा डोस द्यायचा असेल तर १ मिलिमीटरच्या, फट नसलेल्या स्लाइस लागतात. डॉक्टरांनी मागणी लिहिताना हे लिहिलं नाही तर रुग्णाला परत पाठवायची वेळ येते.

गंमत म्हणजे सीटीमागच्या गणिताचा एक उगम रेडिएशन विभागातच आहे. केपटाउनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयातला फिजिसिस्ट नोकरी सोडून गेला. किरणोत्सर्गी समस्थानिकांवर देखरेखीला कायद्याने भौतिकशास्त्रज्ञ हवाच, म्हणून तिथल्या विद्यापीठात शिकवणारा अॅलन कॉरमॅक १९५६ मध्ये आठवड्यातून दीड दिवस रुग्णालयात जाऊ लागला. उपचारांचं प्लॅनिंग पाहताना त्याला खटकलं की हाड काय नि फुप्फुस काय, शरीर आतून एकसारखंच आहे असं धरून डोस काढतात. आत कुठे किती शोषण होतं याचा नकाशा बाहेरच्या मोजमापांवरून काढता येईल का, या प्रश्नाच्या तो मागे लागला. उत्तर १९६३ आणि १९६४ मध्ये छापून आलं आणि जवळजवळ दुर्लक्षित राहिलं. सीटी यंत्र बनवणाऱ्या हाउन्सफील्ड या अभियंत्याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचं डोकं स्कॅन केलं ते १९७१ मध्ये. १९७९ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं.

कॉरमॅकला हवा होता तो नकाशा आजही आमच्या रोजच्या कामाचा पाया आहे. सीटीतल्या प्रत्येक ठिपक्याला एक हाउन्सफील्ड आकडा असतो: पाण्याला ०, हवेला उणे १०००. टीपीएस, म्हणजे प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर, एका तक्त्यावरून या आकड्यांची इलेक्ट्रॉन घनता करतं आणि त्यावर डोस काढतं. तो तक्ता त्या स्कॅनरचा आणि त्या केव्हीचा (क्ष-किरण नळीच्या व्होल्टेजचा) असतो, दुसरीकडचा उचलून चालत नाही. दातातलं धातूचं फिलिंग किंवा खुब्यातला इम्प्लांट यांच्यामुळे पट्टे पडले की तिथले आकडे खोटे, मग आम्ही तो भाग रेखून हाताने घनता देतो. प्रोटॉनच्या उपचाराला हे अधिकच भोवतं, कारण तिथे चुकलेल्या आकड्याने किरण थांबण्याची जागाच पुढेमागे होते. प्रोटॉन आता आपल्याकडे खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रातही आहे, तेव्हा दोन वेगळ्या ऊर्जांवर काढायच्या ड्युअल एनर्जी सीटीचं भौतिकी वाचायला घ्याच.

पण मला विचाराल तर सर्वांत जास्त वेळ द्यावा तो रजिस्ट्रेशनला, म्हणजे दोन स्कॅन एकमेकांवर जुळवून बसवण्याला, ज्याला आमच्याकडे सगळे फ्यूजन म्हणतात. मान-घशाचा रुग्ण घ्या. सिम्युलेशनला, म्हणजे उपचाराआधीच्या तयारीच्या स्कॅनला, त्याला सपाट, कडक टेबलावर झोपवतात, गरम पाण्यात मऊ केलेली ऑर्फिट (प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा) चेहऱ्यावरून खांद्यांपर्यंत ताणून बसवतात आणि ती कडक झाली की सीटी काढतात. एमआरआय मात्र आधीच दुसऱ्या सेंटरला झालेला: डोक्याखाली उशी, हनुवटी छातीकडे. ऑटो-फ्यूजनचं बटण दाबलं की कवटीवर कवटी चपखल बसते. डोळे, कवटीचा तळ, सगळं जुळतं आणि नवखा माणूस खूश होऊन पुढे जातो. इथे थांबून चेकरबोर्ड (दोन्ही प्रतिमांचे चौकोन आलटून पालटून दाखवणारं दृश्य) लावायचा आणि एकेक मणका खाली यायचं. मानेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत ठीक असतं, चौथ्याशी कडा सुटायला लागतात आणि सहाव्यापाशी एमआरमधला मणका सीटीतल्या मणक्यापासून सेंटिमीटरभर बाजूला गेलेला असतो. त्या पातळीवरची लसिकाग्रंथी डॉक्टरांनी एमआरवर रेखली तर ती सीटीवर भलत्याच ठिकाणी उमटणार. मग गाठीजवळच्या दोन-तीन मणक्यांभोवती चौकट देऊन तेवढ्यापुरतं फ्यूजन पुन्हा करायचं, किंवा शक्य असेल तिथे ऑर्फिट घालूनच एमआर काढून आणायचा. डिफॉर्मेबल फ्यूजन, म्हणजे एक प्रतिमा ताणून-वाकवून दुसरीवर बसवणं, हा सोपा उपाय वाटतो, पण त्यात सगळं जुळल्यासारखं दिसतं, हाड रबरासारखं वाकलं तरी. एएपीएम या अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या टास्क ग्रुप १३२ चा २०१७ चा अहवाल याच विषयावर आहे. तो वाचा.

एमआरचं दुसरं दुखणं भूमितीचं. जागा ठरवणारे चुंबकीय ग्रेडियंट पूर्णपणे रेषीय नसतात, त्यामुळे केंद्रापासून जसजसं दूर जाल तसतशी प्रतिमा ताणली जाते. शिवाय एमआरच्या आकड्यांतून इलेक्ट्रॉन घनता मिळत नाही, म्हणून सिंथेटिक सीटीचा, म्हणजे एमआरवरून सीटीसारखी प्रतिमा बनवण्याचा, सगळा खटाटोप. तरीही मऊ ऊतींसाठी एमआरला पर्याय नाही. प्रोस्टेट सीटीवर रेखली तर एमआरपेक्षा ३० ते ४० टक्के मोठी भरते, असं नव्वदच्या दशकातल्या अभ्यासांत आढळलं होतं, आणि ते वाढीव आकारमान म्हणजे मूत्राशय आणि गुदाशयाला फुकटचा डोस. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ब्रॅकीथेरपीत, म्हणजे किरणांचा स्रोत शरीरात गाठीजवळ ठेवून दिलेल्या उपचारात, तर एमआरने सगळा विचारच बदलला. २००५ मध्ये युरोपातल्या गटाने, अॅप्लिकेटर (स्रोत आत नेणारं साधन) आत असताना काढलेल्या एमआरवर गाठ कशी रेखावी याच्या शिफारशी दिल्या, आणि पुढे त्यावर झालेल्या एम्ब्रेस या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मुंबईचं टाटा मेमोरियलही होतं. हा आजार आपल्याकडे इतका आहे की संशोधनाला विषय शोधत परदेशी जायची गरज नाही. जिथे प्रत्येक वेळी एमआर परवडत नाही तिथे सीटी किंवा अल्ट्रासाउंडवर किती निभावतं, हा खरा आपला प्रश्न.

पेटबद्दल थोडक्यात: एफडीजीचं, म्हणजे पेटसाठी टोचायच्या किरणोत्सर्गी साखरेचं, भौतिकी सोपं आहे, कड कुठे धरायची हे अवघड आहे. अमुक टक्के उंबरठा लावला की गाठ मिळाली, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोन-बीम सीटी, म्हणजे उपचाराच्या टेबलावरच काढलेला सीटी, लिनॅकवर (किरण देणाऱ्या यंत्रावर) रोज पाहाल. विखुरलेल्या किरणांमुळे त्याचे आकडे डळमळीत असतात, जागा जुळवायला मात्र ते पुरेसं आहे. एमआर-लिनॅकवर, म्हणजे एमआर आणि लिनॅक एकत्र असलेल्या यंत्रावर, भरपूर व्हिडिओ मिळतील. १.५ टेस्लाच्या यंत्रावर पहिला रुग्ण युट्रेख्तला २०१७ मध्ये घेतला. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन वळून ऊती-हवेच्या सीमेवर परत कसे येतात, हे फिजिक्सवाल्याने वहीत एकदा स्वतः काढून पाहावं, मजा येते.

एआयचं म्हणाल तर ते आता विभागांत आलेलंच आहे. ऑटो-काँटूरिंग काही मिनिटांत सगळे अवयव रेखून देतं आणि बहुतेक वेळा चांगलं देतं. ते जिथे चुकतं ती जागा ओळखायला वरचं सगळं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मेडिकल फिजिक्स, त्यातच कामापुरतं एआय. तुमचं पायथॉन वाया जाणार नाही, उलट विभागात ते येणारी माणसं कमीच असतात.

प्रवेशाला अवकाश असेल तर आत्ताच एक काम करा. ३डी स्लायसर हे वैद्यकीय प्रतिमांचं सॉफ्टवेअर आणि त्याचं स्लायसरआरटी हे एक्स्टेन्शन मोफत आहे. टीसीआयए या खुल्या संग्रहात फुप्फुसाच्या रुग्णांचे ४डी सीटी आहेत, म्हणजे श्वासाच्या दहा टप्प्यांचे दहा सीटी. डायफ्रामजवळची गाठ असलेला एक रुग्ण निवडा आणि दहाही टप्प्यांवर गाठ रेखून त्यांची बेरीज करा, म्हणजे सगळ्यांनी मिळून व्यापलेली जागा काढा. मग पायडिकॉम या पायथॉन लायब्ररीने फाइली वाचून दहा टप्प्यांतला प्रत्येक ठिपक्याचा कमाल आकडा घ्या, त्याला एमआयपी म्हणतात, आणि त्यावर तीच गाठ एकदाच रेखा. बेरजेपेक्षा एमआयपीवरची गाठ खालच्या बाजूने छोटी का आली, ते शोधा. यकृताकडे बघा. उत्तर सापडलं की इथे कमेंटमध्ये लिहा, पुढचं वाचायला काय घ्यायचं ते त्यावरून सांगतो.