एरिक्सनचा सांगाडा घेण्याआधी

पहिलाच जुना टेबल फोन घेताय आणि थेट स्वीडनच्या एरिक्सन कंपनीचा १८९२ चा ‘सांगाडा’, म्हणजे आतले भाग उघडे दिसणारा फोन? हौस दांडगी आहे, पण पैसे देण्याआधी खिशात एक टाचणी ठेवा. लोहचुंबक नेऊ नका, तो कुठल्याही लोखंडाला चिकटतो. या फोनचे चार वाकडे पाय हेच त्याच्या मॅग्नेटोचे, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या जनित्राचे, चुंबक आहेत. हँडल फिरवलं की त्यांच्यामधलं वेटोळं फिरतं आणि घंटेपुरती वीज तयार होते. त्यामुळे अस्सल पायाला टाचणी आपसूक चिकटते. पितळी पाय, वर डायल, म्हणजे नक्कल. मुंबईच्या चोरबाजारात असे चकचकीत फोन हवे तेवढे मिळतात. शोभेला घ्या, पण किंमत शोभेचीच द्या.

घरी आणल्यावर ब्रासो आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. पायांवरची सोनेरी नक्षी एकदा गेली की गेलीच. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस्स. पाय सुटे करायचा मोह आवरा, चुंबकत्व कमी होतं. आणि हँडल फिरवताना उघड्या टर्मिनलना बोट लावू नका, झटका चांगलाच बसतो!