सॅस डेटासेटमधल्या ठरावीक नोंदीच टेक्स्ट फाइलमध्ये कशा काढायच्या?

तुमच्याकडे ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या सगळ्या ग्राहकांचा सॅस (SAS, डेटा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) डेटासेट आहे आणि टेक्स्ट फाइलमध्ये फक्त नवी मुंबईतले थकबाकीदार हवेत, एवढंच ना? त्यासाठी आधी गाळलेला वेगळा डेटासेट करायची गरज नाही. 'डेटा _नल_' (DATA _NULL_) अशी स्टेप, म्हणजे आज्ञांचा गट, लिहा: सेटमध्ये (SET) डेटासेटचं नाव, खाली व्हेअरची (WHERE) अट, मग कुठे लिहायचं ते सांगणारं फाइल (FILE) आणि काय लिहायचं ते सांगणारं पुट (PUT). नवा डेटासेट तयारच होत नाही, अटीत बसलेल्या नोंदी थेट फाइलमध्ये उतरतात. ओळींची खास मांडणी नको असेल तर प्रोक एक्सपोर्ट (PROC EXPORT) ही सॅसची तयार आज्ञाही पुरे. तिथे डेटासेटच्या नावापुढे कंसात व्हेअर देता येतं.

व्हेअर नोंद स्टेपमध्ये शिरण्याआधीच गाळतं, इफ (IF) ही दुसरी अट मात्र आत घेतल्यावर. त्याच स्टेपमध्ये काढलेल्या रकमेवर, समजा मुद्दल अधिक व्याज, अट असेल तर मात्र इफच लागेल. व्हेअरला मूळ डेटासेटमधले कॉलमच दिसतात.

खरी गोची अट लिहिण्यात आहे. मी ऐरोलीत बसून हेच काम करतो, म्हणून सांगतो, शहराच्या कॉलमवर भिस्त ठेवू नका. कोणी नवी मुंबई लिहितं, कोणी नुसतं वाशी, आणि जुनी मंडळी अजून न्यू बॉम्बे. पिनकोड बरा, पण '४००७ने सुरू होणारे' एवढ्यावर भागत नाही. ऐरोली ४००७०८, वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६ बरोबर येतील, पण उरणचा ४००७०२ उगाच आत घुसेल आणि सीबीडी बेलापूर सुटेल, कारण त्याचा पिन ४००६१४, म्हणजे ठाण्याच्या रांगेतला. सरळ इन (IN) वापरून पिनकोडांची यादी द्या. पिनचा कॉलम कॅरेक्टर, म्हणजे आकड्याऐवजी मजकूर म्हणून साठवलेला, असेल तर अवतरणचिन्हांत लिहा. प्रकार जुळला नाही तर व्हेअर एरर देऊन थांबतं, इफ मात्र स्वतःच बदल करून पुढे जातं आणि लॉगमध्ये, म्हणजे सॅसच्या कामाच्या नोंदवहीत, फक्त एक नोट टाकतं.

दुसरा सापळा रिकाम्या रकमांचा. सॅसमध्ये मिसिंग, म्हणजे न भरलेला, आकडा कुठल्याही संख्येपेक्षा, अगदी उणे संख्येपेक्षाही, लहान धरला जातो. 'थकबाकी ५००० पेक्षा कमी' असं लिहिलंत की ज्यांची रक्कम भरलेलीच नाही तेही यादीत येतात. एसक्यूएल (SQL) या डेटाबेसच्या भाषेतून आलेले लोक इथे हमखास फसतात, कारण तिकडच्या डेटाबेसमध्ये नलवाली, म्हणजे रिकाम्या रकमेची, नोंद अशा तुलनेत आपोआप गळते. 'थकबाकी शून्यापेक्षा जास्त' हीसुद्धा अट जोडा. अँड (AND) आणि ऑर (OR) एकत्र आले तर कंस घाला. सॅस अँड आधी सोडवतं.

पत्ताही काढणार असाल तर स्वल्पविरामाऐवजी उभी रेघ (|) डिलिमिटर, म्हणजे कॉलम वेगळे करणारं चिन्ह, ठेवा. 'प्लॉट अमुक, सेक्टर १७, वाशी' अशा पत्त्यात स्वल्पविरामच जास्त असतात. स्वल्पविरामच हवा असेल तर फाइल स्टेटमेंटमध्ये डीएसडी (DSD) हा पर्याय द्या, म्हणजे असा पत्ता अवतरणचिन्हांत जाईल.

फाइल पाठवण्याआधी लॉग बघा. किती नोंदी वाचल्या आणि फाइलमध्ये किती लिहिल्या, हे दोन्ही आकडे तिथे येतात. व्हेअर लावलं असेल तर 'वाचल्या'चा आकडा गाळल्यानंतरचा असतो, मूळ डेटासेटचा नाही.