लंडनचे गार्डन म्युझियम वेळ काढून पाहण्यासारखे आहे का?

आपण विचारले आहे की, लंडनमध्ये मोजकेच दिवस हाताशी असताना लॅम्बेथच्या गार्डन म्युझियमसाठी अर्धा दिवस द्यावा, की तो वेळ क्यू गार्डन्ससाठी राखावा. आणि पुढे सहज जोडले आहे, ‘माळ्यांची खुरपी आणि झाऱ्या तिकीट काढून काय पाहायच्या?’ पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. झाडे पाहायची असतील तर क्यूला जावे आणि तिथे पूर्ण दिवस द्यावा. ती झाडे देशोदेशींहून कोणी आणली आणि कोणी जगवली हे जाणून घ्यायचे असेल तर लॅम्बेथला जावे. उत्तर लांबणार आहे ते आपल्या दुसऱ्या वाक्यामुळे. माझे वडील मुंबईतील एका सार्वजनिक बागेत निवृत्तीपर्यंत माळी होते, आणि अगदी असेच वाक्य मी हॅरोला राहणाऱ्या माझ्या दिरांच्या तोंडून ऐकलेले आहे.

दिरांचे मत पक्के आहे. बाग मालकाची, कारण पैसा त्याचा आणि हौसही त्याची. माळी आज एक असतो, उद्या दुसरा येतो, बाग तीच राहते. माझ्या लग्नानंतर सासरी वडिलांची ओळख ‘सरकारी नोकरीत होते’ एवढीच करून दिली जाई, त्यामुळे हा वाद नुसता बागांबद्दलचा नव्हता हे आपल्या लक्षात येईल. वडील आमच्याकडे इंग्लंडला राहायला आले तेव्हा मी त्यांना आणि दिरांना मुद्दाम या संग्रहालयात नेले.

हे संग्रहालय सेंट मेरी-ॲट-लॅम्बेथ या जुन्या चर्चमध्ये आहे. शेजारी कँटरबरीच्या आर्चबिशपांचा राजवाडा आहे आणि समोर थेम्स. १९७२ मध्ये हे चर्च उपासनेसाठी बंद झाले आणि पुढे ते पाडण्याचेही ठरले होते. रोझमेरी निकोल्सन नावाच्या बाई तिथे एक थडगे पाहायला गेल्या, इमारतीची दशा त्यांनी पाहिली, आणि पतीच्या साहाय्याने १९७७ मध्ये बागकामाच्या इतिहासाचे संग्रहालय स्थापून त्यांनी ती वास्तू वाचवली. ज्या थडग्यासाठी त्या गेल्या होत्या ते जॉन ट्रॅडेस्कंट या पितापुत्रांचे. दोघेही पगारी माळी. थोरला आधी रॉबर्ट सेसिलकडे, नंतर बकिंगहॅमच्या ड्यूककडे आणि शेवटी राजा पहिला चार्ल्स याच्या पदरी होता; झाडे आणि बिया गोळा करत तो १६१८ मध्ये रशियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत जाऊन आला. धाकटा व्हर्जिनियाला गेला. आपल्याकडे बंगल्यांच्या वाटेकडेने जांभळ्या पोटाच्या पानांचा रोहियो लावतात, त्याच्या शास्त्रीय नावात, ‘ट्रॅडेस्कँशिया’मध्ये, हेच घराणे आहे. वडिलांनी आयुष्यभर त्याच्या कडा लावल्या होत्या, त्यामुळे ते त्या थडग्याभोवती बराच वेळ फिरत राहिले.

आता दिरांच्या सिद्धान्ताला या वास्तूनेच दिलेले उत्तर पाहा. २०१६ मध्ये नूतनीकरण चालू असताना जमिनीखाली एक तळघर सापडले आणि त्यात शिशाच्या तीस शवपेट्या निघाल्या. त्यांपैकी काही कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या होत्या, आणि एका पेटीवर धर्मगुरूचा मुकुट ठेवलेला होता. किंग जेम्सच्या बायबलच्या कामावर देखरेख करणारे रिचर्ड बँक्रॉफ्ट त्यांतलेच. एवढे मोठे धर्माधिकारी पायाखाली असताना चर्च पाडायला निघालेल्यांना त्यांची आठवण झाली नाही, आणि ते वाचले दोन माळ्यांमुळे. हे मी दिरांना तिथेच ऐकवले. त्यांनी लगेच ॲश्मोलचे नाव काढले, आणि तिथून खरी जुंपली.

ट्रॅडेस्कंट पितापुत्रांनी लॅम्बेथच्या आपल्या घरात जगभरच्या वस्तू मांडल्या होत्या. लोक त्या घराला ‘आर्क’, म्हणजे नोहाची नौका, म्हणत, पैसे देऊन पाहायला येत, आणि १६५६ मध्ये त्या संग्रहाची छापील यादीही निघाली. इलियस ॲश्मोल या परिचिताने धाकट्याकडून त्या संग्रहाचे दानपत्र करून घेतले. १६६२ मध्ये धाकटा वारल्यावर त्याची विधवा हेस्टर हिच्याशी कोर्टकज्जा झाला, ॲश्मोल जिंकला, १६७८ मध्ये हेस्टर स्वतःच्याच बागेतील तळ्यात बुडालेली सापडली. १६८३ मध्ये ऑक्सफर्डला या संग्रहाचे संग्रहालय उघडले, त्याला नाव ॲश्मोलचे. हा ॲश्मोलही याच चर्चमध्ये पुरलेला आहे. दिरांचे म्हणणे, त्याने कागद केला म्हणून वस्तू टिकल्या. माझे म्हणणे, कागद करणाऱ्याचे नाव राहते आणि मातीत हात घालणाऱ्याचे पुसले जाते, याचा याहून स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

अंगणातच कॅप्टन ब्लाय याचे थडगे आहे. ‘बाउंटी’ जहाजावर खलाशांनी बंड करून या कप्तानाला होडीत सोडून दिले, त्यामुळे त्याचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण ते जहाज निघाले होते नीरफणसासाठी. वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांतील गुलामांना स्वस्तात खाऊ घालता यावे म्हणून ताहितीहून त्याची रोपे न्यायची होती. वडील मूळचे सावंतवाडीकडचे, त्यामुळे नीरफणस हा त्यांचा घरचा विषय. त्यांनी तिथेच उभे राहून सांगितले की, या फणसाला बी धरत नाही, मुळाला फुटलेली फूट काढूनच तो लावावा लागतो, म्हणजे खिशात बिया घालून काम भागण्यासारखे नव्हते. जहाजभर जिवंत कुंड्या न्यायच्या, खारे तुषार बसलेली पाने गोड्या पाण्याने धुवायची, आणि तेही खलाशांना पाणी मोजून मिळत असताना. हजाराहून अधिक कुंड्या होत्या आणि त्यांच्यासाठी कप्तानाची मोठी केबिनच रोपवाटिका केली होती. ते काम करणारा डेव्हिड नेल्सन हा माळी बंडानंतर ब्लायबरोबर उघड्या होडीतून तिमोरला पोहोचला आणि १७८९ मध्ये तिथेच वारला. १७९३ मध्ये दुसऱ्या सफरीत रोपे पोहोचली, ती जेम्स वाइल्स आणि ख्रिस्तोफर स्मिथ या माळ्यांनी जगवली म्हणून. थडग्यावर मात्र कोरले आहे की, नीरफणसाचे झाड ताहितीहून वेस्ट इंडीजमध्ये प्रथम नेऊन लावले ते ब्लायने. दिरांनी ते वाचले आणि गप्प राहिले. थडग्याच्या माथ्यावरील आकृतीला कोणी नीरफणस म्हणतात, कोणी ज्वाळा. वडिलांचा निकाल असा की, तो फणस असेल तर पाथरवटाने फणस कधी पाहिलेला नाही.

अवजारांबद्दल आपण विचारले आहे, म्हणून तेही सांगते. काकडी सरळ वाढावी म्हणून तिच्यावर चढवायची काचेची नळी तिथे आहे. ही कल्पना आगगाडीवाल्या जॉर्ज स्टीफनसनची. वडिलांनी ती पाहून म्हटले, ‘वेल मांडवावर चढवला असता तर काकडी आपल्या वजनानेच सरळ लोंबली असती.’ हॅरल्ड गिलमन या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी रंगवलेले एका कृष्णवर्णीय माळ्याचे चित्र अवश्य शोधावे. चित्रकाराचे नाव सर्वांना ठाऊक आहे, चित्रातल्या माणसाचे नाही, आणि आमच्या वादाला याहून अधिक पुराव्याची गरज नव्हती.

आता काही गोष्टी सांगायला हव्यात. संग्रहालय लहान आहे, दीड-दोन तासांत पाहून होते. मांडणी बदलत असते, त्यामुळे वर सांगितलेले सगळेच आपल्याला दिसेल असे नाही. दृष्टी बहुतांशी इंग्रजी बागांची आहे; भारतातील बागांविषयी काही मिळेल या अपेक्षेने जाऊ नये. अंगणातील बाग सुंदर असली तरी तळहाताएवढी आहे, फुलांसाठी जाणारा निराश होईल. ॲश्मोलच्या बाबतीत दिरांचे निम्मे खरे आहे, हेही मान्य करते. त्याने संग्रह ऑक्सफर्डला दिला नसता तर तो विखुरला असता. पण तसे असले तरी नाव दोघांचे लावता आले असते.

जुन्या बुरुजावर १३१ पायऱ्या चढून जाता येते आणि वरून थेम्सपलीकडची संसद समोर दिसते. चढण अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर खालीच थांबावे. वेस्टमिन्स्टर पाहून नदीकाठाने लॅम्बेथ पुलाकडे चालत आलात तर वेगळा प्रवास करावा लागत नाही, आणि क्यूचा दिवसही मोडत नाही.