बाथरूममधले लॅमिनेट फुगले, पैसे परत मिळतील का?

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आई बाथरूमच्या टाइल्सवरून घसरली, म्हणून नागपूरच्या दुकानातून लॅमिनेट फ्लोअरिंग आणले. 'पाण्यानं काही होत नाही भाऊ' असे दुकानदार म्हणाला. पोळ्याच्या सुमारास त्याच्याच मिस्त्रीने ते बसवले. मजुरीसह 21,500 रुपये झाले. निम्मे यूपीआयने, निम्मे रोख. पक्के बिल नाही, नुसती चिठ्ठी आहे. दिवाळीच्या आत पट्ट्या फुगून सांधे वर आले. आता तो म्हणतो, 'तुम्ही पाणी जास्त वापरलं.' 420 ची तक्रार करू का?

उत्तर : दादा, ठाण्यात जाऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनच खोटा हेतू होता हे दाखवावे लागते, आणि ते इथे अवघड आहे. (शिवाय 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 झाले आहे.) तुमचे काम जिल्हा ग्राहक आयोगातच होईल.

न्हाणीत पाणी जास्त वापरले, ही सबब ऐकून आयोगालाही हसू येईल. पण तक्रारीत 'माल निकृष्ट होता' असे लिहू नका. लॅमिनेटचा गाभा लाकडाचे तंतू दाबून केलेला असतो. वरचा थर पाणी अडवतो. सांध्यातून आणि कडेने शिरलेले पाणी गाभा शोषतो नि फुगतो. हाच माल झोपायच्या खोलीत वर्षानुवर्षे टिकला असता. दुकानदाराने 'एसी-4' असे काही सांगितले असेल, तर तो आकडा झीज सोसण्याचा आहे, पाण्याचा नाही.

म्हणून मुद्दा एकच धरा : बाथरूमसाठी मागितला आणि बाथरूमला चालतो असे सांगून दिला. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'दोष' याची जी व्याख्या आहे, तिच्यात व्यापाऱ्याने केलेल्या दाव्याला माल उतरला नाही, हेही येते. वस्तुविक्री कायदा, 1930 चे कलम 16 तेच सांगते : कशासाठी हवे हे सांगून, विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबून घेतले, तर माल त्या कामाला योग्य असायला हवा. तुम्ही स्वतःहून अमुकच ब्रँड द्या म्हणाला होतात का, हे आठवून ठेवा; समोरचा वकील तेच विचारेल. खोक्यावर 'ओल्या जागेसाठी नाही' असे छापलेले निघाले, तरी खोके त्याच्याच मिस्त्रीने उघडून माल बाथरूममध्ये बसवला, हे उत्तर तयार ठेवा. ही सेवेतली त्रुटीही आहे. मिस्त्री तुम्ही परस्पर लावला असता, तर बाजू बरीच लंगडी पडली असती.

पुरावा मोबाइलमध्ये शोधा. बाथरूमचे माप किंवा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला असेल, तर तो बिलापेक्षा मोलाचा. ते चॅट पुसू नका. दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायचे, प्रमाणपत्र जोडावे लागेल. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे, त्यामुळे त्याची भीती नको. यूपीआयची नोंद आणि चिठ्ठी लावा.

आई पुन्हा पडण्याआधी फरशी काढाच. पण आधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, शेजारच्या दोघांच्या सह्यांनिशी पंचनामा लिहा, आणि मागच्या बाजूला छाप असलेल्या तीन-चार पट्ट्या खोक्यासकट माळ्यावर ठेवा. आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

माल बनवणाऱ्या कंपनीला ओढू नका. उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीच्या, तरतुदीत खुद्द वस्तूचे नुकसान धरत नाहीत. फुगलेल्या पट्टीला अडखळून आईला इजा झाली असती, तर गोष्ट वेगळी.

आधी दुकानदाराला पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने पाठवा. मग यवतमाळच्या आयोगात तक्रार करा. दुकान नागपूरचे असले तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती चालते. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. किंमत, मजुरी, काढण्याचा खर्च, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, सगळे मागा. मात्र मनस्तापाचे लाखभर लिहू नका, तक्रारीचे वजन कमी होते.

नोटीस पोचली की बहुधा दुकानदाराचाच फोन येईल. 'नवीन माल देतो' म्हणाला तर लॅमिनेट पुन्हा घेऊ नका. पैसे देतो म्हणाला तर तडजोड लेखी करा, आणि रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय कशावरही सही करू नका.