इन्सुलिन सोडवणाऱ्या पावडरी आणि इतर प्रश्न

साखर बंद केली, आता चहात गूळ घालते. चालेल ना? (गृहिणी, ५२, जालना)

नाही. गुळातही बहुतेक साखरच असते.

मुलगी ९ वर्षांची. दीड महिन्यापूर्वी टाइप १ मधुमेह निघाला. इन्सुलिन आता आपोआप कमी लागतंय. चुलत सासरे म्हणतात, एका गावात पावडर मिळते, २१ दिवसांत सुई सुटते. तिचं रडणं बघवत नाही. (आई, औसा)

ताई, एकही डोस चुकवू नका. पावडर घरातसुद्धा आणू नका.

तुमच्या लेकीचा आजार गोड खाल्ल्याने झालेला नाही. जंतूंशी लढणाऱ्या तिच्याच पांढऱ्या पेशींनी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी परक्या समजून मारल्या. आम्ही प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं हेच अभ्यासतो आहोत, आणि मेलेल्या पेशी परत आणणारी पावडर जगात कुठेही नाही. टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२२ साली मंजुरी मिळाली. तेही आजार पूर्ण उमटण्याआधी दिलं तर त्याला साधारण दोन वर्षं लांबवतं, बरा करत नाही.

मग इन्सुलिन कमी का लागतंय? उपचार सुरू झाल्यावर उरलेल्या पेशींना विसावा मिळतो आणि काही आठवडे, काही महिने त्या जोमाने काम करतात. याला आम्ही ‘हनिमून’ म्हणतो. तो संपतोच. पावडरवाले नेमके याच काळात गाठतात आणि श्रेय खिशात घालतात. अशा काही पावडरींत शुगरच्या ॲलोपॅथी गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत.

गेल्या पावसाळ्यात ११ वर्षांचा एक मुलगा पहाटे आमच्याकडे आला. दोन दिवस उलट्या. पोट दुखतं म्हणून कुणीतरी पित्ताचं औषध दिलेलं. श्वास भात्यासारखा खोल, तोंडाला पिकलेल्या फळाचा वास. आईच्या पिशवीत पावडरीचा डबा होता, झाकणावर रबराने चमचा बांधलेला. इन्सुलिन पाच दिवसांपूर्वी थांबवलेलं. पोरगा वाचला, पण ती माउली तीन रात्री आयसीयूच्या दाराशी बसून होती. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं झिजून जात. आपण त्या काळात परत का जायचं?

डोस किती कमी करायचा ते फक्त तुमचे डॉक्टर ठरवतील. तिचं रडणं कमी व्हावं म्हणून बारीक ४ मिलिमीटरची सुई मागा आणि रोज जागा बदला.

वजन ६२ किलो, उंची साडेपाच फूट. थोडं पोट सुटलंय, वडिलांना शुगर आहे. मी जाड नाही, मग तपासणी कशाला? (शिक्षक, ३८, परभणी)

सर, वजनकाटा सोडा, टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत हवी. आपली माणसं अंगाने बारीक पण आतून चरबीची असतात, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी नवजात बाळांतसुद्धा दाखवलं. पोटातली चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यात रोगप्रतिकार पेशी घुसतात, बारीक दाह धुमसत राहतो आणि इन्सुलिनचं काम अडतं. उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) याच आठवड्यात करा. रक्त कमी असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, एचबीए१सीचा आकडा फसवू शकतो.

उन्हाळ्यात दिवसभर लाइट नसते. इन्सुलिन कुठे ठेवू? (कंधार)

मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन. सावलीत ठेवा, वाळू सुकू देऊ नका. फ्रीज असेल तर खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात कधीच नाही. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे, नक्की मुदत सोबतच्या कागदावर वाचा. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं तर फेकून द्या.

वजन घटवणारं इंजेक्शन मोबाइलवरून मागवू का? चिठ्ठी लागत नाही म्हणतात. (तरुणी, २६, छत्रपती संभाजीनगर)

मागवू नका. चिठ्ठीशिवाय मिळतंय, यातच खोट आहे. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, घरात थायरॉइडचा विशिष्ट कॅन्सर असेल, मूल हवं असेल, तर हे औषध बहुधा देतच नाहीत. आधी तपासणी.

१२ वर्षं शुगर. चपलेच्या अंगठ्याने जखम झाली, दहा दिवस हळद लावतोय. दुखत मात्र अजिबात नाही. सोयाबीन काढून झालं की दाखवतो. (शेतकरी, ५८, केज)

दुखत नाही, याचीच मला धास्ती वाटते. जुन्या शुगरने पाय बधिर होतो, जखम आत वाढली तरी कळत नाही. काढणी भावावर सोपवा आणि उद्या सकाळीच पाय दाखवा.