मोरपंखीवरची बुरशी नवी आहे का?

प्रश्न : अंगणातल्या मोरपंखीच्या वाळक्या फांदीवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके आलेत. ही नवी प्रजाती असेल का? – एक वाचक, परभणी

उत्तर : असू शकते, पण नुसत्या ठिपक्यांवरून ठरत नाही. आधी झाडाची खात्री करा. मोरपंखी सूचिपर्णी आहे, सुरूचं झाड नुसतं तसं दिसतं. फांदी कागदी पाकिटात सुकवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि वरून भलतीच बुरशी चढते. ठिपक्याचा ब्लेडने पातळ काप घ्या, पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली निदान 30 बीजाणूंची लांबी-रुंदी मोजा. कोवळे मोजले की मापं फसतात, बहुतेकांची गल्लत इथेच होते. मग एका बीजाणूपासून कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी, वाढवून तिच्या ओळखीसाठी वापरतात त्या आयटीएस, एलएसयू या भागांचा डीएनए क्रम काढावा लागतो. 2013पासून नव्या प्रजातीचं नाव वैध ठरायला मायकोबँकसारख्या, बुरशींच्या नावांच्या नोंदणीचा क्रमांक लागतो, आणि मूळ नमुना सुकवून संग्रहालयात. पुण्याच्या आघारकर संस्थेत तशी सोय आहे.