बिल आहे, मग मी तस्कर कसा?

कोल्हापूरच्या एका वाचकाने गोव्यातल्या दुकानातून बिल घेऊन 750 मिलीच्या सहा बाटल्या आणल्या. बांद्याजवळच्या नाक्यावर गाडीसकट पकडले गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: ‘गोवा बनावटीच्या दारूची तस्करी’. ते विचारतात, बिल असताना मी तस्कर कसा, आणि कंपनीचा सीलबंद माल बनावट कसा?

बनावटीचं मनाला लावून घेऊ नका. ‘गोवा बनावटीची दारू’ म्हणजे गोव्यात तयार झालेली, बस्स. ‘बनावट दारू’ म्हणजे नकली, आणि ते प्रकरण फार जड. मथळा वाचून तुमच्या सासुरवाडीला दोन्ही सारखंच वाटलं असणार, पण कोर्टाला वाटत नाही.

‘तस्करी’ची व्याख्या सीमाशुल्क कायदा, 1962 मध्ये आहे. ती देशाच्या सीमेवरून होणाऱ्या मालाच्या ने-आणीबद्दल आहे, गोवा-महाराष्ट्राच्या हद्दीबद्दल नाही. त्या अर्थाने तुम्ही तस्कर नाही. पण खूश होऊ नका. दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. तुमचं बिल गोव्यातली खरेदी कायदेशीर ठरवतं. नाका ओलांडला की महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 लागू होतो, आणि तिथे परवाना विचारतात, बिल नाही. बाटलीवरच छापलेलं असतं की विक्री फक्त गोव्यासाठी. तुमच्या मालाला खरा शब्द ‘बिगरपरवाना’.

आता एफआयआर काढून नीट वाचा. नुसतं ‘बिगरपरवाना वाहतूक करताना मिळून आला’ आहे, की पुढे ‘चोरट्या विक्रीच्या उद्देशाने’ हेही जोडलंय? हे तीन शब्द महागात पडतात. तुम्ही लिहिलंय की तीन मित्रांनी आधीच फोनवरून पैसे पाठवले होते. तुमच्या लेखी ती वर्गणी, तपास अधिकाऱ्याच्या लेखी तो धंदा. हे स्वतःहून कुणाला सांगत बसू नका आणि मोबाइलमधलं काही पुसूही नका. पुसलेलं जास्त बोलतं. जे आहे ते आधी वकिलाला दाखवा.

गाडीसाठी कोर्टात अर्ज करावा लागेल, आरसी आणि विमा हाताशी ठेवा. पंचनाम्यात बाटल्या सहाच लिहिल्यात का, बॅच नंबर जुळतात का, तेही बघा. पेपरला नोटीस पाठवायची घाई नको. आरोपपत्रात काय येतं ते आधी कळू दे.